हायड्रॉलिक मोटर आवाज करतेय? फोनने असं तपासा
मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आवाज कानापेक्षा आकड्यात बघतो. फोनमध्ये फायफॉक्स हे फुकट अ‍ॅप टाका, ऑडिओ स्पेक्ट्रम उघडा आणि फिरत्या भागांपासून लांब उभे राहा.

समजा मोटर १५०० आरपीएमवर आहे. १५०० ÷ ६० = २५ हर्ट्झ.

१. २५ हर्ट्झची थरथर: कपलिंगचं अलाइनमेंट आणि ढिले बोल्ट बघा. इतक्या खालच्या सुरात फोनचा माइक कमी पडतो.
२. ९ पिस्टन असतील तर २५ × ९ = २२५ हर्ट्झचा सूर असतोच. तो आधीपेक्षा वाढला तर आतली झीज तपासा.
३. एकच सूर नाही, नुसती खडखड: तेलात हवा किंवा कॅव्हिटेशन. टाकीतली तेलाची पातळी आणि फेस बघा.

गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा वापरा. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. टाचणीएवढी जखम दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.