जॉर्ज फर्नांडिस : मुद्रितशोधक ते कामगारनेते

मुंबईच्या कामगार चळवळीतील अग्रणी नेते आणि माजी केंद्रीय मंत्री जॉर्ज फर्नांडिस यांचा जन्म ३ जून १९३० रोजी मंगळूर येथे झाला. पंचम जॉर्ज यांची जन्मतारीखही हीच असल्याने आईने मुलाचे नाव जॉर्ज ठेवले. ब्रिटिश सम्राटाचे नाव लाभलेला हा मुलगा पुढे कट्टर समाजवादी निघाला, हा योगायोग गमतीचाच.

धर्मगुरू व्हावे म्हणून वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांना बंगळूरच्या सेमिनरीत पाठवण्यात आले. तेथे वरिष्ठांची पंगत वेगळी आणि जेवणही सरस असे. हा भेद न पटल्याने सुमारे अडीच वर्षांत त्यांनी सेमिनरी सोडली आणि काही काळाने कामाच्या शोधात मुंबई गाठली. सुरुवातीच्या रात्री त्यांनी चौपाटीच्या बाकांवर काढल्या. पोलीस तेथूनही उठवून लावत. अखेर एका वृत्तपत्रात मुद्रितशोधकाचे काम मिळाले.

डॉ. राममनोहर लोहिया यांचे विचार आणि गोदी कामगारांचे नेते प्लासिड डिमेलो यांचा सहवास यांमुळे त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. १९५८ मध्ये डिमेलो यांच्या निधनानंतर गोदीपलीकडच्या कामगारांतही फर्नांडिस यांचा प्रभाव वाढत गेला. पालिकेचे सफाई कामगार, टॅक्सीचालक अशा विखुरलेल्या, बहुतांशी परगावाहून आलेल्या कष्टकऱ्यांना त्यांनी संघटित केले. त्यांच्या एका हाकेवर शहर ठप्प होत असल्याने ‘बंदसम्राट’ ही उपाधी त्यांना चिकटली. १९६१ मध्ये ते महापालिकेवर निवडून आले.

मात्र केवळ बंद पुकारणारा नेता ही त्यांची ओळख अपुरी ठरते. टॅक्सीचालकांना वाहनासाठी कर्ज मिळणे दुरापास्त होते, तेव्हा १९६८ मध्ये त्यांनी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन केली. पुढे हीच न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाली. गैरव्यवहार उघडकीस आल्यानंतर २०२५ मध्ये तिचे सारस्वत बँकेत विलीनीकरण झाले.

त्याआधी १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबई मतदारसंघात त्यांनी काँग्रेसचे मातब्बर नेते स. का. पाटील यांचा पराभव केला. मुंबईचे अनभिषिक्त राजे समजले जाणारे पाटील हरतील, असे फारसे कोणाला वाटले नव्हते. जेमतेम वर्षभरापूर्वी शिवसेनेची स्थापना झाली होती आणि दाक्षिणात्यांविरुद्ध वातावरण तापत होते. अशा काळात मंगळूरहून आलेल्या, अस्खलित मराठी बोलणाऱ्या या उमेदवाराला मुंबईकरांनी आपला मानले, ही बाब पाटील यांच्या पराभवाइतकीच महत्त्वाची आहे. १९७१ मध्ये मात्र त्यांना ही जागा राखता आली नाही.

१९७३ मध्ये ते ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले. आठ तासांचा कामाचा दिवस, बोनस आणि वेतनवाढ या मागण्यांसाठी ८ मे १९७४ पासून देशव्यापी रेल्वे संप पुकारण्यात आला. संपापूर्वीच फर्नांडिस यांना अटक झाली. हजारो कर्मचारी तुरुंगात गेले, अनेकांना नोकरी आणि राहती रेल्वे वसाहत दोन्ही गमवावे लागले. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. या अपयशाची सर्वाधिक किंमत नेत्यांनी नव्हे, तर सामान्य कामगारांनी मोजली. बडतर्फ कर्मचाऱ्यांना कामावर परत घेण्याचा निर्णय १९७७ मध्ये रेल्वेमंत्री मधू दंडवते यांनी केला.

आणीबाणीत भूमिगत राहिलेल्या फर्नांडिस यांना जून १९७६ मध्ये कोलकात्यात अटक झाली. बडोदा डायनामाइट प्रकरणी तुरुंगात असतानाच १९७७ मध्ये ते बिहारमधील मुझफ्फरपूर येथून विजयी झाले. नंतर उद्योगमंत्री म्हणून कोका-कोला व आयबीएम या कंपन्यांशी त्यांचा संघर्ष गाजला. १९९८ ते २००४ या काळात, २००१ मधील काही महिने वगळता, ते संरक्षणमंत्री होते.

१९८९-९० मध्ये रेल्वेमंत्री असताना त्यांनी कोकण रेल्वेच्या प्रकल्पाला चालना दिली. जानेवारी १९९८ मध्ये हा मार्ग पूर्णपणे खुला झाला आणि मुंबई व मंगळूर किनारपट्टीने थेट जोडले गेले. फर्नांडिस यांचे २९ जानेवारी २०१९ रोजी दिल्लीत निधन झाले.