रिसीव्हर वेगळा, ॲम्प वेगळा: शंभर वर्षं जुनी वाटणी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलता बोलता जे दोन-तीन वेळा म्हटलं ते इथे एकदाच ठेवलंय.

गेल्या काही महिन्यांत अमरावती-अकोल्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपात आला. "घरी एक पॉवर ॲम्प पडून आहे, त्याच्यासोबत होम थिएटरचा कोणता रिसीव्हर घेऊ?" दोन मॉडेलची नावं सांगून मोकळं होता आलं असतं. पण मॉडेल वर्षभरात बदलतं आणि हा प्रश्न तर शंभर वर्षांचा आहे. म्हणून आज इतिहासाच्या रस्त्याने जाऊ. शेवटी काय विकत घ्यायचं तेही सांगतो, काळजी नको.

आधी दोन शब्द साफ करून घेऊ. रिसीव्हर म्हणजे तो डबा ज्यात टीव्ही, सेट टॉप बॉक्स, प्लेस्टेशन सगळं येऊन जुळतं. तो सिग्नल निवडतो, डॉल्बी उलगडतो, आवाज कमी-जास्त करतो, आणि त्याच डब्यात स्पीकर चालवणारे पाच-सात छोटे ॲम्पही कोंबलेले असतात. पॉवर ॲम्पला एकच काम. एखाद-दोन व्होल्टचा सिग्नल घ्यायचा आणि स्पीकरचा कोन हलेल इतकी ताकद द्यायची. एक डोकं, एक दंड. प्रश्न एवढाच की दोघांनी एका घरात राहायचं की चूल वेगळी मांडायची.

ही भानगड रेडिओपासून सुरू होते. अमेरिकेत १९२१ साली वेस्टिंगहाऊसने 'आरए' नावाचा ट्यूनर आणि 'डीए' नावाचा डिटेक्टर-ॲम्प्लिफायर असे दोन वेगळे डबे काढले. आणि लगेच दोन्ही एका पेटीत घालून 'आरसी' नावाने तोच माल विकला. म्हणजे धंदा नीट उभाही राहिला नव्हता, तेव्हाच वाटणीही झाली आणि समेटही.

आपल्याकडे मुंबईचं केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला. ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं १९३६ मध्ये. वऱ्हाडाला जवळचं केंद्र मिळायला मात्र १९४८ उजाडलं, नागपूरचं. तेव्हा घरातला रेडिओ म्हणजे एकत्र कुटुंब होतं. लाकडी पेटी, आत व्हॉल्व्ह, समोर कापड, कापडामागे स्पीकर. पोस्टातून लायसन काढायचं आणि १९५२ नंतर बुधवारी रात्री सिलोनवर बिनाका गीतमाला लावायची. ॲम्प वेगळा असतो हे त्या घरातल्या कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

घराबाहेर चित्र उलटं. मंडपात सगळं पहिल्यापासून सुटं. माइक वेगळा, ॲम्प्लिफायर वेगळा, झाडावर बांधलेला भोंगा वेगळा. दिल्लीची अहुजा कंपनी १९४० पासून या धंद्यात आहे, आणि आपल्याकडे लग्न असो, सभा असो की सप्ताह, माइकच्या मागे बहुतेक वेळा तेच नाव दिसतं. या ॲम्पच्या मागे एक गंमत असते. ४ ओहम, ८ ओहम, १६ ओहम आणि शेवटी '१०० व्होल्ट लाइन'. ही लाइन का? कारण भोंगे अर्धा किलोमीटर लांब. बारीक वायरमधून जास्त करंट पाठवला तर निम्मी ताकद वायर गरम करण्यातच जाते. म्हणून व्होल्टेज वाढवायचं, करंट कमी करायचा आणि भोंग्याजवळ ट्रान्सफॉर्मर लावून परत खाली आणायचं. शेताच्या बांधावरून जाणाऱ्या हाय टेन्शन लाइनचं जे गणित, तेच जत्रेतल्या भोंग्याचं.

हे का सांगतोय? कारण "पॉवर ॲम्प पडून आहे" म्हणणाऱ्यांपैकी काहींकडे हाच १०० व्होल्टवाला मोनो ॲम्प असणार. तो माणसाचा आवाज दूरवर पोचवायला बनवलाय. घरच्या सिनेमासाठी तो लावू नका. डीजे सेटमधला दोन चॅनेलचा, ४ आणि ८ ओहमवर चालणारा ॲम्प असेल, तर आपलं पुढचं बोलणं त्याच्याबद्दल आहे.

वऱ्हाडाचा आवाज म्हटलं की दोन माणसं आठवतातच. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज. गाडगेबाबांचं ८ नोव्हेंबर १९५६ चं कीर्तन, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं, रेकॉर्ड झालंय. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव इथे बाबा गेले. मोबाइलवर ते रेकॉर्डिंग तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. एकाच चॅनेलचा आवाज, मर्यादित फ्रिक्वेन्सी, तरी शब्द पोचतात. संवाद समजायला वॅट लागत नाहीत, मधला पट्टा स्वच्छ लागतो.

तुकडोजी महाराजांची खंजिरी म्हणजे बरोबर उलटा मामला. खंजिरीवर थाप पडते तो क्षण सरासरी आवाजापेक्षा २० डेसिबलने वर जाऊ शकतो. डेसिबलचं गणित कडक आहे. ३ डेसिबल वाढवायचे तर ताकद दुप्पट, १० ला दहापट, २० ला शंभरपट. म्हणजे भजन १ वॅटवर आरामात चाललं असेल, तर त्या एका थापेला १०० वॅट लागतील. ॲम्पकडे ते नसतील तर थाप चपटी होते, फाटते. मोठ्या ॲम्पची खरी गरज ही अशी क्षणाक्षणाची असते. कायम मोठ्याने ऐकण्यासाठी तो लागतो हा गैरसमज आहे. ५० वॅटवरून १०० वर गेलात तर फक्त ३ डेसिबल मिळतात, शेजाऱ्यालाही फार फरक कळणार नाही.

इंग्लंडमध्ये १९५३ ला क्वाड कंपनीने 'क्वाड टू' हा पॉवर ॲम्प आणला, त्याचा कंट्रोल युनिट वेगळा. जड, तापणारा भाग कपाटात लपवा आणि बटणं हाताशी ठेवा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हरमन कार्डनने 'फेस्टिव्हल' काढला. ट्यूनर, कंट्रोल, ॲम्प सगळं एका डब्यात. हाय-फाय रिसीव्हर म्हणतात त्याच्या अगदी पहिल्या नमुन्यांपैकी तो एक. परत एकत्र कुटुंब.

आपल्याकडे तेव्हा आयात बंदच म्हणायची. सत्तर-ऐंशीच्या दशकात कॉस्मिक, सोनोडाइन, फिलिप्स ही नावं होती आणि ती ज्याच्या दिवाणखान्यात, त्याच्याकडे पाहुणे जरा जास्त वेळ बसत. १९९१ नंतर दारं उघडली आणि सोबत एक भूत आलं, पीएमपीओ. टेपरेकॉर्डरवर '१००० वॅट पीएमपीओ' लिहिलेलं आठवतं? आत खरे वॅट बोटांवर मोजता यावेत इतके. अमेरिकेत या प्रकाराला आळा घालायला १९७४ मध्येच सरकारी नियम आला होता की वॅट सांगायचे तर सलग देता येतील ते सांगा. आजचे रिसीव्हर पीएमपीओ लिहीत नाहीत, पण '९० वॅट, ७ चॅनेल' याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'दोन चॅनेल चालू असताना'. सातही एकदम मागितले तर एकाच पॉवर सप्लायवर सात भाऊ जेवायला बसतात.

तिकडे सिनेमाची वेगळी घोडदौड. १९७७ च्या स्टार वॉर्सने डॉल्बी स्टिरिओ जगभर नेला. १९८२ ला घरासाठी डॉल्बी सराउंड, १९८७ ला प्रो लॉजिक. १९९२ ला थिएटरात डॉल्बी डिजिटल, मग डीव्हीडी, २००२ ला एचडीएमआय, २०१४ ला घरात ॲटमॉस. प्रत्येक पायरीला डोकं बदलावं लागलं. या सगळ्या काळात पॉवर ॲम्पने काय केलं? काहीच नाही. १९५३ ला जे काम होतं तेच आजही आहे. सिग्नल घे, मोठा कर.

मला वाटतं सगळा निर्णय इथे लपलाय. डोक्याचं आयुष्य पाच-सात वर्षं, ॲम्पचं तीस. दोघांना एका डब्यात बांधलं की लवकर मरणारा दुसऱ्यालाही घेऊन जातो. दोन हजारच्या दशकातले ते 'होम थिएटर इन अ बॉक्स' आठवा. डीव्हीडीचा ट्रे बिघडला की पाच स्पीकरसकट सगळं भंगारात. कारण स्पीकरच्या पिनासुद्धा जगावेगळ्या.

आणि आपल्याकडे अजून एक कारण आहे, जे परदेशी रिव्ह्यूवाल्यांच्या डोक्यात येत नाही. ऊन. अकोला मे महिन्यात ४५ च्या वर जातं. इंजिनिअर लोकांचा एक ढोबळ नियम आहे, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. रिसीव्हरमध्ये नाजूक एचडीएमआय बोर्डाच्या बाजूलाच ॲम्पची शेगडी. तो डबा टीव्ही युनिटच्या बंद खणात, वरून कुलर बंद. पुढचं स्किन-दुकानवाल्याला विचारा, रिपेअरवाल्याला नको. तो बिचारा "बोर्ड मिळत नाही" एवढंच सांगेल. पुढच्या दोन चॅनेलचं वजन बाहेरच्या ॲम्पवर टाकलं की निदान तेवढी शेगडी बाहेर जाते.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. काकांची अकोल्यात साउंड सर्व्हिस होती. लग्नं, गणपती, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची कावड. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी येतं ती. कोरोनात दोन सीझन कोरडे गेले आणि त्यांनी धंदा आवरला. बॉक्स विकले, जनरेटर विकला. ॲम्पना भंगारवाला आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याचा भाव देत होता. एक दोन चॅनेलचा ॲम्प काकांनी दिलाच नाही. मी पुण्याहून फोनवर रिसीव्हरचे फीचर सांगत होतो, सात चॅनेल, ॲटमॉस, ब्लूटूथ. काका ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थे सगळं ठीक हाय बे. तुहा डबा माह्या ॲम्पले सिग्नल देते का, एवढं सांग मले."

अख्खं स्पेसिफिकेशन त्या एका प्रश्नात आलं. त्याचं बाजारातलं नाव प्री-आउट. रिसीव्हरच्या पाठीमागे 'फ्रंट' लिहिलेल्या प्री-आउटच्या दोन पिना आहेत का? स्वस्त मॉडेलांमध्ये बहुतेक वेळा फक्त सबवूफरची प्री-आउट असते, ती चालणार नाही. फ्रंटची साधारण मधल्या रेंजपासून मिळते. दुकानात समोरचा चकाचक डिस्प्ले पाहू नका, डबा फिरवायला सांगा. आधी पाठ, मग पोट.

प्री-आउट असेल तर बाकीच्या वॅटचे पैसे वाचवा. ॲम्प तुमच्याकडे आहेच, मग जास्त वॅटच्या रिसीव्हरला दहा-वीस हजार जास्त कशाला? ते पैसे सेंटर स्पीकरला द्या. आम्ही तेच केलं, आणि ते आजीसाठी. वय ऐंशीच्या वर. टीव्हीसमोर बसून तिचं एकच पालुपद असायचं, "काय बोलून राह्यले थे, समजतच नाही मले." संवाद जवळपास सगळे सेंटरमधून येतात आणि त्याला रिसीव्हरचा स्वतःचा ॲम्प पुरतो. डाव्या-उजव्या स्पीकरला काकांचा ॲम्प. आता आजी सिरियलमधल्या सुनेला वेळेवर शिव्या देते, आधी दोन वाक्यं उशिरा द्यायची.

जोडताना काय पाहायचं ते पटकन सांगतो. मंडपातल्या ॲम्पला एक्सएलआर किंवा जाडा जॅक लागतो, रिसीव्हरला आरसीए, म्हणून तशी केबल बनवून घ्या. फुल ताकदीसाठी असे ॲम्प ०.७७५, १ किंवा १.४ व्होल्ट मागतात. प्री-आउटमधून किती येतात ते मॅन्युअलमध्ये पाहा. ॲम्पचे नॉब आधी खाली ठेवा, रिसीव्हरच्या माइकने कॅलिब्रेशन करताना हळूहळू वर न्या, आणि एकदा जमलं की त्यांना हात लावू नका. फॅनचा आवाज येत असेल तर ॲम्प बाजूच्या खोलीत ठेवा, क्वाडवाल्यांनी सांगितलंच आहे.

घूं असा आवाज आला तर लोक पहिलं काय करतात? प्लगची तिसरी पिन तोडतात. हे अजिबात करू नका, जीव जातो. दोन्ही डबे एकाच बोर्डावर घ्या आणि केबल टीव्हीची वायर काढून पाहा. बऱ्याचदा चोर तिथे असतो.

चालू करताना आधी रिसीव्हर, शेवटी ॲम्प. बंद करताना आधी ॲम्प. काकांनी हे खडूने भिंतीवर लिहून ठेवलंय, कारण घरात येणारा प्रत्येक जण मुख्य बटणच दाबतो.

पुढच्या भागात स्टॅबिलायझर आणि लोडशेडिंगच्या वर्षांबद्दल. तोवर प्री-आउटचा फोटो काढून पाठवा, कोणता डबा चालेल ते सांगतो.