एका टिंबाची गोष्ट: लपलेल्या फाइल आल्या कुठून?

मोबाइल हातात आहेच, तर एक काम करा. अँड्रॉइड असेल तर फाइल मॅनेजर उघडा आणि लपलेल्या फाइल दाखवायचा पर्याय चालू करा. आता व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरमध्ये स्टेटसेस नावाचं एक फोल्डर दिसेल. तुम्ही पाहिलेले मित्रमैत्रिणींचे स्टेटस तिथे पडलेले असतात. मग एरवी हे फोल्डर का दिसत नाही? नावाच्या सुरुवातीला एक टिंब आहे म्हणून. बस, एवढंच!

या टिंबाची गोष्ट आपल्याला थेट अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये घेऊन जाते. तिथे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची १९६९ पासून युनिक्स घडवत होते. पुढे फोल्डरच्या आत फोल्डर अशी रचना आली, तेव्हा ये-जा सोपी व्हावी म्हणून प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खास नोंदी ठेवल्या गेल्या. एक टिंब म्हणजे 'इथेच', दोन टिंबं म्हणजे 'एक पायरी वर'. पण मग फाइलींची यादी दाखवणारी एलएस ही कमांड चालवली, की या दोन नोंदीही दर वेळी मध्ये यायच्या.

म्हणून केन किंवा डेनिस, दोघांपैकी कोणीतरी एक छोटीशी अट टाकली: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल, तर ते सोडून पुढे जा. लक्षात आलं का काय झालं? तपासायला हवं होतं अख्खं नाव. तपासलं गेलं फक्त पहिलं अक्षर, कारण ते लिहायला सोपं होतं. त्यामुळे टिंबाने सुरू होणारी कुठलीही फाइल यादीतून गायब झाली.

ही हकिकत सांगितली रॉब पाइक यांनी, २०१२ साली. पाइक स्वतः बेल लॅब्जमधले, आणि पुढे गो भाषेच्या निर्मात्यांपैकी एक. त्यांचं म्हणणं असं, की 'लपलेली फाइल' ही सोय कुणी ठरवून केलीच नव्हती. ती एका शॉर्टकटमधून चुकून जन्माला आली.

पण वाट दिसली की लोक चालणारच! प्रोग्रामरना वाटलं, आपल्या सेटिंगच्या फाइल ठेवायला ही जागा बरी आहे. मग डॉट प्रोफाइल आली. बिल जॉय यांच्या सी शेलसोबत डॉट सीएसएचआरसी आली. १९८९ मध्ये बॅश आलं, त्याची डॉट बॅशआरसी. शेवटचं 'आरसी' त्याहूनही जुनं आहे. एमआयटीच्या सीटीएसएस यंत्रणेत 'रनकॉम', म्हणजे 'रन कमांड्स' होतं, त्याचं ते लघुरूप. हळूहळू होम फोल्डरमध्ये इतकी गर्दी झाली, की २००३ मध्ये एक्सडीजी नावाचा नियम आला: सगळी सेटिंग डॉट कॉन्फिग या एकाच फोल्डरमध्ये ठेवा. गंमत बघा, तोडग्याच्या नावातही टिंब आहेच!

आता यात आपल्या कामाचं काय? ते टिंब फक्त डोळ्यांपासून लपवतं. ते कुलूप नाही. मी शिकत होतो तेव्हा डॉट ईएनव्ही फाइलमध्ये एका सेवेची एपीआय की ठेवली होती. यादीत ती दिसत नव्हती, म्हणून मीही विसरलो. गिट मात्र विसरलं नाही. पब्लिक रेपॉझिटरीत की जगासमोर! अशा कीज शोधत फिरणारे बॉट असतात, आणि त्यांना टिंबाने काही फरक पडत नाही.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नुसतं एलएस नको, 'एलएस मायनस ए' टाइप करा, म्हणजे लपलेलंही दिसेल. दोन, प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी डॉट गिटइग्नोर फाइलमध्ये डॉट ईएनव्हीचं नाव लिहा. तीन, की आधीच पुश झाली असेल, तर फाइल डिलीट करून भागत नाही, ती गिटच्या इतिहासात राहते. आधी ती की रद्द करून नवी घ्या, बाकीची साफसफाई नंतर.

पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी थोडं टायपिंग वाचवलं, आणि तो शॉर्टकट आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. तेव्हा 'सध्या असंच राहू दे, नंतर बघू' असं म्हणताना जरा जपून. भेटूया पुढच्या भागात!