कळीचे दोन शत्रू

तळेगांव दाभाड्याहून आंतल्या बाजूस वळलें म्हणजे मावळांतील नवलाख उंबरे हें गांव लागतें. भाताचा हा मुलूख. जवळच्या लोणावळ्यास वर्षाकाठीं १५० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तितका येथें पडत नसला, तरी मृगापासून हस्तापर्यंत हवेंतील ओल हटत नाहीं. येथून पूर्वेस शंभर मैलांच्या आंतच अहमदनगरचें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचें, पठार आहे. तेथें पाऊस वीस-पंचवीस इंचांचा, थंडी कोरडी आणि हिवाळ्यांत आभाळ बहुधा निरभ्र. ओलीच्या या अंतरानें दख्खनमधील एका पिकाची जागा ठरविली, असें म्हणावयास हरकत नाहीं. तें पीक गांजाचें होय.

१९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यापासून गांजाची लागवड हा देशभर गुन्हा ठरला आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती राजरोस चाले. मुंबई इलाख्यांत १८७८ चा अबकारी कायदा झाल्यावर परवाना घेऊन हें पीक काढीत, आणि त्याचें मुख्य ठाणें अहमदनगर जिल्हा हें होतें. मध्यप्रांतांत खांडवा आणि बंगालमध्यें राजशाही जिल्ह्यांतील नौगांव हीं तशींच दुसरीं ठाणीं. २ मार्च १८९३ रोजीं विलायतेच्या पार्लमेंटांत केन या सभासदानें या व्यापाराविषयीं प्रश्न विचारला, आणि त्याच वर्षीं जुलैंत हिंदुस्थान सरकारनें मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं सात जणांचें कमिशन नेमलें. कमिशननें १,१९३ साक्षीदार तपासले आणि ऑगस्ट १८९४ मध्यें आपला अहवाल सादर केला. गांजावर सरसकट बंदी घालूं नये, कर व नियंत्रण असावें, हा त्याचा निर्णय. लोक अहवालांतील हा निर्णयच तेवढा सांगतात. शेतकऱ्याच्या दृष्टीनें मात्र त्यांतील लागवडीचीं वर्णनें अधिक मोलाचीं आहेत.

गांजाच्या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. मादीस बीं धरूं दिलें तर शेंड्यांतील राळ कमी होते आणि मालाचा भाव उतरतो. म्हणून फुलें येण्याच्या सुमारास शेतांतून फिरून एकूण एक नर झाड उपटून टाकावें लागे. बंगालमध्यें या कामासाठीं पोद्दार नांवाचे खास जाणकार असत. झाडाच्या अंगलटीवरून नर कोणता व मादी कोणती हें ते ओळखीत. बीं न धरलेल्या मादीचा शेंडा मग दाटत जातो. फुलावर फूल चढतें, राळेनें सगळें चिकटतें, आणि आंत वारा शिरावयास फट उरत नाहीं. ज्या दाटपणानें दाम मिळे, तोच दाटपणा पिकाच्या मुळावर येई.

करड्या बुरशीला, जिला शास्त्रांत बोट्रायटिस म्हणतात, नेमकी अशीच जागा हवी असते. गारवा, ओल आणि कोंदट हवा यांवर ती पोसते. बाहेरून झुपका हिरवागार दिसतो. एखादें पान मात्र अकारण वाळलेलें असतें. तें जरासें ओढलें कीं अलगद सुटून हातांत येतें, आणि आंतला देठ तपकिरी, मऊ पडलेला आढळतो. दोन-चार दिवसांत त्यावर राखेसारखी लव येते व हात लागतांच तिची धूळ शेजारच्या शेंड्यांवर उडते. (हीच बुरशी फ्रान्समधील सोतर्न प्रांतांत पिकलेल्या द्राक्षांवर धरली, तर तीपासून होणारी गोड दारू मोठ्या किंमतीस विकली जाते. दैवाचा भाग!)

दुसरा शत्रू अळी. हरभऱ्याच्या व तुरीच्या शेतांत जी घाटेअळी म्हणून प्रसिद्ध आहे, ती या झाडाच्या फुलोऱ्यावरही येते. तिचा पतंग तिन्हीसांजेनंतर एकेक अंडें घालतो; तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते आणि झुपक्याच्या पोटांत शिरते. ती खाते त्यापेक्षां नासते अधिक. तिच्या विष्ठेंत आणि कुरतडलेल्या भागांत ओल धरून राहते, व तेथेंच बुरशीचें पहिलें ठाणें बसतें. म्हणजे अळीनें दार उघडावयाचें आणि बुरशीनें घर बळकवावयाचें, असा हा दोघींचा सलोखा.

यावर उपाय काय होते? बोर्डो मिश्रणाची माहिती मिलार्देनें १८८५ मध्यें प्रसिद्ध केली. शिशाचें आर्सेनेट अमेरिकेंत १८९२ पासून अळीवर वापरांत आलें. परंतु जें फूल चिलमींत घालून ओढावयाचें, त्यावर मोरचूद किंवा सोमल शिंपडणें म्हणजे गिऱ्हाइकास विष पाजणें. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा हिंदी कीटकांवरील ग्रंथ १९०६ चा आणि बटलर यांचा वनस्पतिरोगांवरील १९१८ चा. अळीला मारून माणसास अपाय न करणारा जो जंतु, तो जपानांत इशिवाता यांना १९०१ मध्यें रेशमाच्या किड्यांत आढळला, १९१५ मध्यें बर्लिनर यांनीं त्याला जर्मनींतील थुरिंगिया प्रांतावरून नांव दिलें, आणि त्याची पूड फ्रान्समध्यें विक्रीस आली ती १९३८ मध्यें. परवान्याच्या त्या जुन्या काळांत दख्खनच्या शेतकऱ्यापाशीं अळीवर उपाय होते ते हातचे: झाड हलवून अळ्या पाडणें, वेचणें, राख धुरळणें.

त्याचा खरा उपाय पंचांगांत होता. पेरणी पावसाळ्यांत झाली तरी फुलोरा मार्गशीर्ष-पौषांत, कोरड्या थंडींत पिके. मावळांत अशा वेळींही दरीखोऱ्यांत सकाळचें दंव रेंगाळतें. नगरच्या पठारावर तें उन्हाबरोबर उडून जातें. तरी एखाद्या वर्षीं पौषांत चार दिवस मळभ धरी, अवकाळी सरी येत, आणि शेतकऱ्यापुढें कठीण पेंच उभा राही. अर्धवट पिकल्या शेंड्यांवर विळा चालवावा, कीं ऊन पडेल या आशेनें थांबावें? कापलें तर भाव गेला. थांबलें आणि ऊन पडलें नाहीं, तर मालच गेला. कापणीनंतरही सुटका नसे, कारण माल खळ्यावर वाळवून, पायांखालीं तुडवून चपटा करावयाचा असे. ओला शेंडा त्या थरांत गेला कीं सगळी रास कुबट होई.

तें पीक गेलें; शत्रू मात्र आहेत तेथेंच आहेत. गेल्या कांहीं दशकांत तळेगांवच्या फुलशेती-उद्यानामुळें नवलाख उंबऱ्याच्या परिसरांत प्लॅस्टिकच्या छपराखालीं गुलाब होऊं लागला, आणि १४ फेब्रुवारीच्या सुमारास त्याच्या पेट्या परदेशीं रवाना होतात. ज्या ओलीमुळें मावळ दाट फुलोऱ्याच्या पिकास परका होता, तिच्यावर छपरानें मात केली, पण अर्धीच. पाऊस बाहेर राहिला. दमट हवा आंत कोंडली. गुलाबाच्या मिटल्या कळींतही तीच करडी बुरशी दबून राहते आणि विमानांतील पेटींत पाणी सुटलें म्हणजे परमुलखांत उघडी पडते. मग पेटीच्या पेटी फेंकून द्यावी लागते. कळी पोखरणारी घाटेअळीही येथें येतेच. म्हणून रोज सकाळीं बाजूचे पडदे वर गुंडाळून वारा खेळवतात, पाणी मुळाशीं ठिबकीनें देतात, आणि बायामाणसें ओळीओळींतून फिरून गळलेली पाकळी नि नासकी कळी पिशवींत टाकून, धूळ उडूं नये म्हणून तिचें तोंड लागलीच बांधतात.