इंडियन चाइल्डहूड सिरोसिस

इंडियन चाइल्डहूड सिरोसिस हा यकृतात तांब्याचा अतिरिक्त साठा होणारा बालकांचा आजार आहे. तो प्रामुख्याने सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटात आढळत असे आणि उपचारांअभावी बहुधा प्राणघातक ठरे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो दुर्मीळ झाला आहे. त्याचे कारण आणि औषधोपचार यांविषयी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील आनंद पंडित व शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी केलेले संशोधन महत्त्वाचे मानले जाते.

स्वरूप

कोलकात्यातील सेन यांनी १८८७ मध्ये या आजाराचे प्रथम वर्णन केले. सुरुवातीस मूल चिडचिडे होते, भूक मंदावते व पोट मोठे दिसू लागते. तपासणीत यकृत वाढलेले, टणक व धारदार कडेचे लागते. पुढील अवस्थेत कावीळ व जलोदर होऊन यकृत निकामी होते. एकाच कुटुंबातील एकाहून अधिक भावंडांना हा आजार झाल्याची उदाहरणे आहेत.

तांब्याचा चयापचय

शरीरातील जास्तीचे तांबे यकृताद्वारे पित्तात उत्सर्जित होते. नवजात अर्भकात ही यंत्रणा अपरिपक्व असते. शिवाय जन्मतः त्याच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त असते. त्यामुळे या वयात बाहेरून आलेले तांबे साचून राहण्याचा धोका अधिक असतो. निरोगी प्रौढ यकृतात कोरड्या वजनाच्या प्रतिग्रॅम साधारणतः ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबे असते. या आजारात ते बहुधा ८०० मायक्रोग्रॅमच्या वर जाते. विल्सन रोगातही यकृतात तांबे साचते. मात्र तेथे रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन सहसा कमी असते, तर या आजारात ते कमी झालेले नसते.

पुण्यातील संशोधन

रुग्णांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण फार वाढलेले असल्याचा अहवाल टॅनर, पंडित व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. हे तांबे कोठून येते, याचा शोध घेताना लक्ष बाळाच्या वरच्या दुधाकडे वळले. गाईम्हशीच्या दुधात मुळात तांबे अल्प असते. परंतु ते कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवल्यास धातू दुधात उतरतो व त्यातील केसीन या प्रथिनाशी जोडला जातो. फार लवकर सुरू केलेले असे दूध हे आजाराचे संभाव्य कारण असल्याचे या गटाने १९८३ मध्ये मांडले. नाशिक, पुणे यांसारखी शहरे तांबे-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहेत आणि अशी भांडी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी वापरात होती. कल्हईचा थर शाबूत असल्यास दुधाचा पितळेशी थेट संपर्क येत नाही.

औषधोपचार

जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये विल्सन रोगासाठी उपयोगात आणलेले पेनिसिलामाइन हे औषध तांब्याशी बंध तयार करून ते लघवीवाटे बाहेर टाकते. पुण्यातील गटाने बालरुग्णांवर त्याच्या चिकित्सालयीन चाचण्या केल्या व त्यांचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्रा बालकाच्या वजनानुसार, दररोज प्रतिकिलो सुमारे २० मिलिग्रॅम, अशी ठरवली जाते. आजार प्रगत होण्यापूर्वी औषध सुरू झाल्यास मूल बचावू शकते. उशिरा सुरू केल्यास लाभ फारसा होत नाही. पुरळ, लघवीत प्रथिने जाणे व रक्तपेशी घटणे हे दुष्परिणाम संभवत असल्याने नियमित तपासणी आवश्यक असते.

मतभेद व सद्यःस्थिती

तांबे हेच मूळ कारण आहे, हे सर्व संशोधकांना मान्य नाही. काहींच्या मते तांब्याचा साठा हा यकृताला आधीच झालेल्या इजेचा परिणाम असावा. पितळेची भांडी वापरणाऱ्या सर्वच घरांत आजार होत नसल्याने आनुवंशिक प्रवणतेचाही विचार केला जातो. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात अशाच आजाराची १३८ बालके नोंदली गेली. तेथेही तांब्याच्या भांड्यातील दुधाशी संबंध आढळला आणि ही भांडी मागे पडल्यावर आजार नाहीसा झाला. भारतात स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा प्रसार झाला, त्याच काळात रुग्णांची संख्या झपाट्याने घटली. औषध वेळेवर मिळालेली मुले वाचली. पण आजार ओसरण्याचे श्रेय मुख्यतः स्वयंपाकघरातील या बदलाला दिले जाते.