ब्रेकचा कर्कश आवाज (मोटारसायकल)

मोटारसायकल किंवा स्कूटरचा ब्रेक लावला असता घर्षणामुळे ब्रेकच्या भागांत कंपने निर्माण होऊन जो उंच पट्टीचा, सलग ध्वनी ऐकू येतो त्यास ब्रेकचा कर्कश आवाज म्हणतात. त्याची कंप्रता साधारणतः १,००० हर्ट्‌झहून अधिक असते. मानवी कान २,००० ते ५,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असल्यामुळे अल्प ऊर्जेचा हा आवाजही असह्य वाटतो. मोटारसायकलचे चाक व ब्रेक उघडे असतात, त्यामुळे मोटारगाडीच्या तुलनेत तो अधिक जाणवतो.

कर्कश आवाज म्हणजे ब्रेक निकामी झाला असे नव्हे. उलट, आवाज बंद करण्यासाठी केलेले काही उपाय मूळ आवाजापेक्षा कितीतरी घातक ठरतात. ब्रेकच्या घर्षणपृष्ठावर तेल किंवा ग्रीस लावणे हा त्यांतील सर्वांत धोकादायक प्रकार होय.

कंपनाची उत्पत्ती

डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरमधील पिस्टन दोन पॅड फिरत्या डिस्कवर दाबतात. ड्रम ब्रेकमध्ये कॅमच्या फिरण्याने दोन ब्रेक शू ड्रमच्या आतील भिंतीवर दाबले जातात. दोन्ही रचनांत घर्षणबल सर्वकाळ एकसमान राहत नाही. सरकण्याचा वेग कमी होताना पुष्कळ पदार्थांचे घर्षण वाढते, त्यामुळे पॅड क्षणभर अडकतो, ताण वाढल्यावर सुटतो आणि पुन्हा अडकतो. व्हायोलिनची तार गजाने वाजते ती याच क्रियेमुळे. याखेरीज डिस्क आणि पॅड यांच्या नैसर्गिक कंप्रता परस्परांच्या जवळ आल्या तर घर्षण स्थिर असतानाही त्यांची कंपने एकमेकांस पोसत राहतात. गाडी थांबण्याच्या बेतात असताना व ब्रेक हलका दाबलेला असताना आवाज बहुधा सर्वाधिक असतो. जोरात दाबताच तो अनेकदा नाहीसा होतो.

इतिहास

हा दोष डिस्क ब्रेकइतकाच जुना आहे. इंग्लंडमधील अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांच्या ब्रेकमध्ये तांब्याचे पॅड धातूच्या डिस्कवर घासत आणि त्यांचा आवाज भयंकर होई. पुढे हर्बर्ट फ्रूड यांनी ॲस्बेस्टॉसयुक्त अस्तर वापरात आणल्यावर आवाज आणि झीज दोन्ही कमी झाले. हेच ॲस्बेस्टॉस नंतर कर्करोगकारक ठरले. मोठ्या संख्येने उत्पादित मोटारसायकलींत पुढच्या चाकाच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचा प्रसार १९६९ मधील होंडा सीबी७५० पासून झाला. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींस अँटिलॉक ब्रेक (एबीएस) आणि त्याखालील दुचाकींस संयुक्त किंवा अँटिलॉक ब्रेक बंधनकारक झाले. एबीएस कार्यरत असताना लिव्हरला जाणवणारे ठोके व टकटक हा निराळा प्रकार असून तो दोष नव्हे.

कारणे

पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यानंतर पहिल्या चार-सहा वेळा येणारा आवाज ओलाव्यामुळे असतो व आपोआप थांबतो. मोटारसायकलच्या डिस्क बहुधा स्टेनलेस पोलादाच्या असल्याने त्यांवर गंज फारसा चढत नाही. ड्रमच्या आतील कडे मात्र बिडाचे असते, त्यामुळे कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत गाडी काही दिवस उभी राहिली तरी तेथे गंजाचा थर येतो. ड्रममध्ये शिरलेले पाणी व चिखल लवकर बाहेर पडत नाही.

घाटाच्या उतारावर इंजिनाचा अवरोध न वापरता, म्हणजे वरच्या गिअरमध्ये किंवा गाडी न्यूट्रल करून, ब्रेक सतत दाबून धरला तर पॅड अतितप्त होतो. त्यातील बंधक राळ पृष्ठभागावर येऊन काचेसारखा गुळगुळीत, चकचकीत थर बनतो. असा पॅड आवाज करतो आणि त्याची पकडही कमी होते.

तेलाचा संसर्ग हे वारंवार आढळणारे आणि वारंवार दुर्लक्षित राहणारे कारण आहे. फोर्कच्या गळक्या सीलमधून येणारे तेल, साखळीवर मारलेल्या वंगणाचे उडालेले थेंब, सर्व्हिसिंगच्या वेळी फवारलेले डिझेल किंवा रॉकेल, धुतल्यावर चमक आणण्यासाठी मारलेला स्प्रे, यांपैकी काहीही पॅडपर्यंत पोहोचू शकते. सर्व्हिसिंगहून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी आवाज सुरू झाल्यास प्रथम याचाच संशय घेतला जातो.

यांव्यतिरिक्त कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडणे, पॅडच्या मागची पातळ पत्री किंवा दाब देणारी स्प्रिंग हरवणे आणि चाकाचे बेअरिंग सैल होणे ही यांत्रिक कारणे आहेत. पॅड बदलताना जुन्या पत्र्या फेकून दिल्या जातात व नव्या संचात त्या नसतात, हा अनुभव गॅरेजांत नेहमीचा आहे.

धोक्याचा आवाज

उंच पट्टीची किंचाळी आणि धातूवर धातू घासल्याचा खरखराट यांत भेद करणे आवश्यक असते. खरखराट येऊ लागला म्हणजे बहुधा पॅडचे घर्षणद्रव्य संपून त्याची पोलादी पाठ डिस्कला लागलेली असते. अशी गाडी चालवू नये. थांबण्याचे अंतर वाढते आणि थोड्याच काळात डिस्कही निकामी होते. बहुतेक पॅडवर झीज दर्शविणारी खाच असते. ती दिसेनाशी झाली की पॅड बदलावा लागतो. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, तर ड्रमचा कमाल अंतर्व्यास ड्रमवर उमटवलेला असतो.

डिस्क ब्रेकची दुरुस्ती

बहुसंख्य प्रकरणांत केवळ साफसफाईने आवाज जातो. कॅलिपर सोडवून पॅड काढले जातात. डिस्क ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कापडाने पुसली जाते. पॅडवर चकाकी आली असेल तर सपाट पृष्ठभागावर पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड हलकेच घासतात. चकाकी जाऊन मंद, खरबरीत पोत दिसू लागला की पुरे. पॅडची पुढची कड किंचित तिरपी घासल्याने ती डिस्कवर अडकत नाही आणि कंपनाची सुरुवात टळते.

तेल मुरलेला पॅड मात्र स्वच्छ होत नाही. तो आगीवर भाजून तेल जाळण्याची पद्धत प्रचलित असली तरी सच्छिद्र द्रव्यात खोल गेलेले तेल पुढच्या वेळी तापल्यावर पुन्हा वर येते, शिवाय आचेने बंधक राळही कमकुवत होते. असा संच टाकून देणे आणि गळतीचे मूळ बंद करणे हाच उपाय आहे. गळता सील तसाच ठेवून नवा पॅड बसवला तर तोही वाया जातो.

ग्रीस फक्त दोन ठिकाणी व अत्यल्प लावले जाते: सरकत्या पिनांवर रबरास अपाय न करणारे, उष्णता सहन करणारे सिलिकॉन ग्रीस, आणि पॅडच्या पोलादी पाठीवर पिस्टन टेकतो तेथे त्यासाठीचे खास ग्रीस. पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी त्यांचा उघडा भाग पुसला नाही तर साचलेली धूळ सीलमध्ये जाते. पिस्टन मागे जाताना वरच्या टाकीतील द्रव उसळून सांडू शकतो आणि डॉट ३ किंवा डॉट ४ द्रव रंग खातो.

या द्रवास गॅरेजमध्ये ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण तो ग्लायकॉलवर आधारित द्रव असून तेल नव्हे. त्याऐवजी इंजिन ऑइल ओतल्यास रबरी सील फुगून ब्रेक जाम होतो.

जोडणी झाल्यावर लिव्हर घट्ट लागेपर्यंत वारंवार दाबावा लागतो. पिस्टन मागे गेलेले असल्याने पहिल्या काही दाबांत ब्रेक मुळीच लागत नाही. ही एक कृती विसरल्याने दुरुस्ती होऊन बाहेर निघालेली गाडी पहिल्याच वळणावर थांबत नाही.

ड्रम ब्रेक

ड्रम ब्रेकच्या साध्या रचनेत एक शू चाकाच्या फिरण्याने अधिक ओढला जातो आणि दुसरा मागे लोटला जातो. पहिला शू अधिक काम करतो, लवकर झिजतो आणि आवाजही बहुधा तोच करतो. शूच्या कडा तिरप्या करणे, लायनर पॉलिश पेपरने खरबरीत करणे आणि कॅम व टेकूच्या खिळीस अगदी थोडे ग्रीस लावणे हे प्रचलित उपाय आहेत. जास्त ग्रीस लावल्यास ते उष्णतेने वितळून लायनरवर उतरते. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस गळून आत आले असल्यास शू बदलावे लागतात.

ड्रममधील धूळ फुंकून किंवा हवेच्या पंपाने उडवणे टाळले जाते. जुन्या व स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास वर्षानुवर्षांनंतर कर्करोग उद्भवू शकतो. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करणे ही सुरक्षित रीत आहे. वर्षानुवर्षे याच धुळीत काम करणाऱ्या मेकॅनिकला धोका गाडीच्या मालकापेक्षा अधिक असतो.

नवीन पॅडचा आवाज

नवे पॅड किंवा शू सुरुवातीस आवाज करतात, कारण त्यांचा पूर्ण पृष्ठभाग टेकलेला नसतो. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून वीस-तीस वेळा क्रमाने ब्रेक लावून मधे थंड होऊ दिल्यास पृष्ठभाग जुळतात व पॅडच्या द्रव्याचा समान थर डिस्कवर चढतो. या काळात पकड अपुरी असते, म्हणून गर्दीत वेग कमी ठेवावा लागतो. सेंद्रिय पॅड तुलनेने शांत असतात. धातूची भुकटी तापवून बनवलेले सिंटर्ड पॅड पावसात व उष्णतेत अधिक विश्वसनीय असले तरी त्यांचा थोडाफार आवाज कायम राहू शकतो, आणि साफसफाई करूनही तो पूर्णपणे जात नाही.