पडाव : आगबोटीचा लाकडी सोबती

भगिनींनो, कोकणच्या आगबोटींविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. शेफर्ड कंपनीची बोट, माझी आगबोट कंपनीची बोट, अशा आठवणी घरोघरी निघतात. परंतु त्या बोटीतून उतरल्यावर घरच्या वाळूला पाय लागेपर्यंत ज्याने आपल्या वडीलधाऱ्यांना सांभाळून नेले, त्या पडावाची आठवण क्वचितच कोणी काढते. आगबोटीचा प्रवास पडावावाचून पुरा होत नसे, म्हणून त्याचा इतिहास थोडक्यात सांगावा असे वाटले.

मुंबईस भाऊच्या धक्क्यावर बोट धक्क्याला लागे, पणजीलाही लागे. मधली गोष्ट निराळी. हर्णै, दाभोळ, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे बोट घेत जाई. पण बहुतेक ठिकाणी किनारा उथळ, कोठे खडक, तर कोठे खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली. मोठी बोट आत आली तर रुतायची. म्हणून ती दूर खोल पाण्यात नांगर टाकून भोंगा देई आणि किनाऱ्यावरून पडाव निघत.

पडाव म्हणजे रुंद पोटाची, भक्कम फळ्यांची लाकडी नाव. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून पाणी अडवीत. लाकूड टिकावे म्हणून माशाचे तेल लावीत. वारा असला तर शीड, नसला तर वल्ही. सुकाणूवर तांडेल बसे आणि वल्ह्यांवर खलाशी. हे लोक गाबीत, खारवी, भंडारी, दालदी अशा दर्यावर्दी समाजांतले. त्यांना ना घड्याळ, ना झोपेची वेळ. बोट मध्यरात्री आली तर मध्यरात्री कंदील घेऊन निघायचे. माणसे, वळकट्या, ट्रंका, टपालाच्या थैल्या आणि वैशाखात आंब्याच्या पेट्या, हे सगळे पडावातूनच जाई-येई. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या म्हणजे पडाव वर ओढून झापांनी शाकारून ठेवीत. त्या महिन्यांत खलाशाच्या घरची चूल कशी पेटत असेल, हे आपण बायकांनीच ओळखावे.

खरी परीक्षा पडावातून बोटीत चढताना होई. लाट आली की पडाव वर उचलला जाई आणि लगेच खाली बसे. तो वर आला की त्याच क्षणी शिडीवर पाय टाकायचा. नऊवारी नेसलेल्या, हातात गाठोडे घेतलेल्या बायकांनी हे कसे केले असेल! तान्ही मुले हातोहात वर दिली जात. आधी मूल अनोळखी खलाशाच्या हाती द्यायचे, मग आपण चढायचे. किनाऱ्याशी पाणी उथळ असले तर खलाशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना उचलून कोरड्या वाळूवर ठेवीत. परक्या पुरुषाच्या सावलीलाही न उभ्या राहणाऱ्या त्या काळच्या सासुरवाशिणींनी या माणसांवर डोळे मिटून विश्वास टाकला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

लाकडी नावेचे मोल एका दुःखद प्रसंगी साऱ्या मुंबईने पाहिले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या खवळलेल्या दर्यात रेवसच्या कोळ्यांचे मचवे मासळी घेऊन मुंबईकडे येत होते. मचवा हा पडावाचाच भाऊबंद. कोळ्यांनी भरलेली मासळी समुद्रात टाकून दिली आणि बुडणाऱ्यांना वर ओढले. कष्टाची कमाई पाण्यात सोडताना त्यांनी हिशेब केला नाही.

पुढे खाड्यांवर पूल झाले, एस. टी. गावोगाव पोहोचली. १९८० नंतरच्या दहा वर्षांत कोकण किनाऱ्याची जुनी बोटवाहतूक थांबली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. प्रवास सोपा झाला, त्याचा आनंदच आहे. बाळंतिणीला आता लाटेवर उडी मारावी लागत नाही. पण आगबोटींची नावे तरी लोकांच्या ओठांवर राहिली. पडावांना बहुधा नाव विचारणारेच कोणी नव्हते. काम संपले तसे ते वाळूत पडून कुजले, काहींचे सरपण झाले. त्यांचे तांडेलही एकेक करून गेले.

म्हणून भगिनींना एकच विनंती आहे. ज्यांच्या घरी पडावातून आलेली आजी किंवा आजेसासू अजून आहे, त्यांनी तिच्याजवळ घटकाभर बसावे, तिला विचारावे आणि वहीत उतरवून ठेवावे. जुन्या बंदरात एखादा पडाव उरला असेल तर तो फोडू न देता गावाने जपावा. आपल्या माणसांना ज्याने बुडू दिले नाही, त्याची आठवण आपण बुडू देऊ नये.